व्हिएतनामी घरात ‘मी गे आहे’ हे सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन होजे, मेलबर्न, सिडनी अशा शहरांत मराठी माणसं आणि व्हिएतनामी माणसं शेजारी-शेजारी राहतात, एकाच ऑफिसात काम करतात. मैत्री होते, कधी प्रेमही जुळतं. तुमचा मित्र, मैत्रीण किंवा जोडीदार व्हिएतनामी घरातला असेल आणि आता घरी सांगायचं असं त्याने ठरवलं असेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. खुद्द व्हिएतनाममधल्या घरांबद्दल आणि परदेशी स्थायिक झालेल्या व्हिएतनामी घरांबद्दल, असं दोन्ही इथे आलं आहे. बरेचसे प्रश्न मुलग्यांबद्दलचे आहेत, मुलींबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

व्हिएतनाममध्ये समलिंगी असणं गुन्हा आहे का?

नाही. आधुनिक व्हिएतनाममध्ये तो कधी गुन्हा नव्हताच. आपल्याकडे इंग्रजांनी 377 कलम आणलं आणि ते मोडून काढायला 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला. व्हिएतनामवर राज्य होतं फ्रेंचांचं आणि त्यांच्या कायद्यात असं कलम नव्हतं. त्यामुळे तिथल्या गे मुलाला पोलिसांची भीती वाटत आलेली नाही. त्याला भीती वाटते ती जेवणाच्या चटईवर समोर बसलेल्या वडिलांची.

लग्नाचं मात्र वेगळं आहे. 2000 सालच्या कायद्याने समलिंगी लग्नाला मनाई होती. मे 2012 मध्ये दक्षिणेकडच्या हा तिएन गावात दोन पुरुषांनी थाटात लग्न केलं, तर स्थानिक अधिकाऱ्यांनी त्यांना दंड केला. देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हनोईत सायकली आणि मोटारसायकलींवरून पहिली प्राइड फेरी, म्हणजे समलिंगी लोकांची अभिमानाने काढलेली मिरवणूक, निघाली. नोव्हेंबर 2013 पासून असा दंड करणं बंद झालं आणि 1 जानेवारी 2015 ला लागू झालेल्या नव्या कायद्यातून मनाईचा शब्द गेला. त्याच्या जागी आलं ते एवढंच, की सरकार अशा लग्नाला मान्यता देत नाही. म्हणजे आज मांडव घाला, जेवणावळी घाला, कोणी अडवणार नाही, पण सरकारी कागद मिळणार नाही.

कायदा आड येत नाही, मग सांगायला एवढं अवघड का?

कारण पारंपरिक व्हिएतनामी घरात मुलगा म्हणजे एकटा मुलगा नसतो. तो एका साखळीतली कडी असतो. वर गेलेले पूर्वज, मधे आईवडील, खाली अजून न जन्मलेली नातवंडं. बहुतेक घरांत पूर्वजांचा देव्हारा असतो. त्यावर आजी-आजोबांचे फोटो, उदबत्तीचं भांडं, फळं, पाण्याचे किंवा दारूचे छोटे पेले. दरवर्षी पूर्वजांच्या पुण्यतिथीला सगळं कुटुंब जमतं, नैवेद्य दाखवतात आणि मग सगळे एकत्र जेवतात. आपल्या श्राद्धाच्या जेवणाची आठवण होईल, पण तिथे हा दिवस बराच मोकळा असतो, गप्पाटप्पांचा असतो. हे सगळं पुढे चालवायची जबाबदारी परंपरेने थोरल्या मुलाची आणि त्याच्यानंतर त्याच्या थोरल्या मुलाची.

चीनमधून आलेल्या कन्फ्यूशियन विचारात आईवडिलांचं ऋण फेडणं हे माणसाचं पहिलं कर्तव्य मानलं आहे. मेन्सियस या प्राचीन विचारवंताच्या नावावर एक वचन सांगतात: आईवडिलांच्या बाबतीतले तीन अपराध आहेत आणि वंश न चालवणं हा त्यांतला सगळ्यांत मोठा. हे वचन व्हिएतनाममधल्या कितीतरी घरांत आजही ऐकवलं जातं, ज्यांनी मेन्सियसचं पान उघडून पाहिलेलं नाही त्यांच्याही घरात.

मुलगा ‘मी गे आहे’ म्हणतो तेव्हा तो स्वतःबद्दल काहीतरी सांगत असतो. आईवडिलांच्या कानावर मात्र वेगळंच पडतं: सून येणार नाही, नातू येणार नाही, आमच्यामागे उदबत्ती लावायला कोणी उरणार नाही, आणि भावकीला तोंड कसं दाखवायचं? दोघे एकाच वाक्यातून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. मला वाटतं, या घरांतली निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. म्हणून माझा आग्रह आहे की सांगण्याची तयारी करताना ‘मी कोण आहे’ याच्याइतकाच विचार ‘मी या घरात यापुढे काय असणार आहे’ याचाही करावा.

तो थोरला किंवा एकुलता एक मुलगा असेल तर?

तर ओझं जास्त आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. उत्तर व्हिएतनामच्या खेड्यांत अजून घराण्यांच्या वंशावळी जपलेल्या असतात, घराण्याची वेगळी पूजेची वास्तू असते. तिथे थोरल्या शाखेच्या थोरल्या नातवाला लहानपणापासून वेगळी वागणूक मिळते. दक्षिणेत, विशेषतः हो चि मिन्ह शहरात, हे बंधन थोडं सैल असतं असा सर्वसाधारण अनुभव आहे, पण शहर दक्षिणेतलं म्हणून घरही सैल असेल असं गृहीत धरू नका.

‘वंश’ हा शब्द आला की त्याच्याशी वाद घालू नये. त्या शब्दाखाली दोन साधे प्रश्न असतात: म्हातारपणी आम्हाला कोण बघणार आणि मेल्यावर आमची आठवण कोण ठेवणार? या दोन्ही प्रश्नांना गे मुलगा उत्तर देऊ शकतो. ‘देव्हारा मीच सांभाळणार. आजोबांच्या पुण्यतिथीला मीच येणार. तुम्ही थकलात की माझ्याकडे राहायचं.’ हे बोलायचं तर मनापासून बोलावं आणि पुढे तसं वागावंही. ज्याला हे नको आहे, त्याने केवळ आईवडिलांना शांत करण्यासाठी ही वचनं देऊ नयेत.

सांगितलंच पाहिजे का?

नाही. हे मी ठामपणे म्हणतो. घरी न सांगणारा माणूस खोटं जगतो, भित्रा असतो, असा एक सूर इंग्रजी लिखाणात फार दिसतो. मला तो मान्य नाही. घरी न सांगता, पण स्वतःशी आणि जोडीदाराशी प्रामाणिक राहून आयुष्य काढणारी असंख्य माणसं व्हिएतनाममध्ये आहेत. काहींच्या घरी सगळ्यांना कळलेलं असतं, फक्त कोणी बोलत नाही.

सांगण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. एक, पैसा. शिक्षणाची फी आणि राहणं आईवडिलांवर अवलंबून असेल, तर थांबणं शहाणपणाचं. दोन, अंगावर हात पडण्याची किंवा कोंडून ठेवण्याची शक्यता. ती असेल तर आधी बाहेर पडायची सोय करावी. तीन, उद्या रात्री घराबाहेर राहायची वेळ आली तर कोणाच्या दारात जाणार, त्या माणसाचं नाव आणि त्याचा होकार. या तिन्हींची उत्तरं हातात नसतील, तर मित्र म्हणून तुम्ही घाई करायला लावू नका. ‘तू अजून सांगितलं नाहीस?’ असं सारखं विचारणारा जोडीदार नकळत जाच करत असतो.

केव्हा सांगावं? तेतला सगळे एकत्र असतात, तेव्हा?

तेतला अजिबात नको. तेत म्हणजे व्हिएतनामी चांद्र नववर्ष, साधारण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येणारं. पहिल्या दिवशी जे घडतं ते वर्षभर घडत राहतं अशी श्रद्धा असते. म्हणून त्या दिवसांत कोणी भांडत नाही, उसनं मागत नाही, पहिल्या दिवशी केरसुणीही हातात घेत नाहीत. वर्षातला पहिला पाहुणा कोण असावा हेसुद्धा काही घरं आधी ठरवून ठेवतात. अशा दिवशी आईवडिलांना धक्का बसला, तर पुढे वर्षभर घरात जे काही वाईट होईल त्याचं खापर त्या एका संध्याकाळवर फुटेल.

अडचण अशी की तेतलाच सगळ्यात जास्त डिवचलं जातं. मावश्या, काकू, आत्या लाल पाकिटातून पैसे देतात आणि त्याबरोबर विचारतात, ‘लग्न कधी करतोस?’ चिडून तिथेच बोलून टाकावंसं वाटतं. त्या क्षणासाठी एक साधं उत्तर आधीच तयार ठेवावं, ‘ठरलं की तुम्हालाच पहिलं सांगेन’ असं काहीतरी, आणि विषय बदलावा.

पूर्वजांच्या पुण्यतिथीचा दिवस, घरात कोणी आजारी असताना, भावंडाच्या लग्नाच्या तोंडावर, हे दिवसही टाळावेत. साधा, रिकामा दिवस बरा. बरं, समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून बोललंच पाहिजे असं नाही. आईला मोटारसायकलवर मागे बसवून नेताना, भाजी निवडताना, गाडी चालवताना बोलणं सोपं जातं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत रोखून बघणं तिथे उद्धटपणाचं वाटतं, त्यामुळे नजर दुसरीकडे असलेली बरी.

आधी कोणाला सांगावं?

बहुधा बहिणीला. किंवा लाडक्या मावशीला, किंवा ज्या चुलत भावाशी मोकळेपणा आहे त्याला. आईवडिलांच्या मनातलं ओळखणारा आणि त्यांच्याशी बोलू शकणारा एक माणूस आधी आपल्या बाजूला हवा. व्हिएतनामी घरात मोठे निर्णय थेट क्वचितच मांडले जातात. मधे कोणीतरी असतं, आधी चाचपणी होते, मग विषय येतो. याला लपवाछपवी समजू नका, त्या घराची बोलायची पद्धतच तशी आहे.

वडिलांना आईकडून कळू द्यायचं की स्वतः सांगायचं, हे ज्याचं घर त्यालाच ठाऊक. पण आईवर ‘बाबांना सांगू नकोस’ असं ओझं वर्षानुवर्षं ठेवू नये. ती एकटी कुढत राहते आणि शेवटी सगळा दोष तिच्या वाट्याला येतो, ‘तूच लाडावून ठेवलास’ म्हणून.

कोणत्या शब्दांत सांगावं?

परदेशात वाढलेल्या मुलांची ही मोठी अडचण आहे. त्यांची व्हिएतनामी भाषा जेवणखाण, शाळा, तब्येत एवढ्यापुरती असते. मन उघडं करायला लागणारे शब्द त्यांनी त्या भाषेत कधी वापरलेलेच नसतात. आईवडिलांना जे शब्द माहीत असतात ते बहुतेक शिव्यांसारखे: ‘पे-दे’ हा फ्रेंचांच्या काळातून आलेला शब्द किंवा ‘बाँग’ हा टोमणा. सभ्य, वर्तमानपत्रात छापला जाणारा शब्द आहे ‘दोंग तिन्ह’. तो आधी पाठ करून जावा, नाहीतर ऐन वेळी तोंडातून शिवीच निघते आणि आईच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातलं पात्र उभं राहतं.

पत्र लिहिणं हा चांगला मार्ग आहे. भाषा तपासून घेता येते, मधे कोणी तोडत नाही आणि आईवडील ते एकटे असताना पुन्हा वाचू शकतात. पत्र लिहिताना माझ्या मते क्रम असा असावा: आधी त्यांचे कष्ट, मग ‘मी तुमचाच मुलगा आहे आणि कुठेही जात नाही’, त्यानंतर मुख्य गोष्ट दोन-तीन सरळ वाक्यांत, आणि शेवटी ‘यात तुमची काही चूक नाही’. हे शेवटचं वाक्य गाळू नका. आई रात्रभर जागून हेच शोधत असते की आपलं कुठे चुकलं. प्राइडचे झेंडे, शास्त्रीय माहिती, दुवे हे सगळं पहिल्या पत्रात नको. ते मागाहून देता येतं.

आई म्हणते हा आजार आहे, डॉक्टरकडे चल. काय करावं?

याला आता भक्कम उत्तर आहे आणि ते व्हिएतनामच्या सरकारकडूनच आलेलं आहे. 3 ऑगस्ट 2022 रोजी तिथल्या आरोग्य मंत्रालयाने देशभरच्या आरोग्य खात्यांना पत्रक पाठवलं: समलिंगी असणं हा आजार नाही, त्यावर उपचार होऊ शकत नाही, करायची गरजही नाही, आणि असे उपचार कोणावर लादू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती, त्याचा हवाला त्यात आहे. परदेशी संस्थेचं म्हणणं ‘ती पाश्चात्त्यांची थेरं’ म्हणून उडवून लावणाऱ्या वडिलांनाही स्वतःच्या देशाच्या मंत्रालयाचा कागद असा उडवता येत नाही. तो छापून घरात ठेवावा.

ही समजूत आईच्या डोक्यात कुठून आली, याचा तिला दोष देण्याआधी विचार करावा. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये व्हिएतनामच्या शाळांबद्दल अहवाल प्रसिद्ध केला. शाळेत शिक्षकच हा मानसिक आजार आहे असं सांगतात, हे मुलांनी त्यात सांगितलं आहे. त्याच शाळांतून आईवडीलही शिकले.

काही घरांत डॉक्टरऐवजी मांत्रिक बोलावतात, अंगात आलेलं उतरवायला. एखादी पूजा, एखादा अंगारा एवढ्यावर भागत असेल आणि त्याने आईला बरं वाटत असेल, तर ते सहन करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कोंडणं, मारणं, इंजेक्शनं, गोळ्या यांतलं काहीही आलं की तिथून निघायचं. तडजोडीची जागा तिथे संपते.

त्यांचा धर्म काय म्हणतो?

घराघरावर अवलंबून आहे. बौद्ध घरात आई बहुधा गेल्या जन्मीचं कर्म काढते, स्वतःचं किंवा मुलाचं. त्यात दुःख असतं, पण द्वेष सहसा नसतो. कॅथलिक घरांत अडचण जास्त कडक असू शकते, कारण तिथे पाप हा शब्द येतो आणि पाद्री कुटुंबाच्या फार जवळचा असतो. 18 डिसेंबर 2023 रोजी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना लग्नविधीशिवाय साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली. लग्नाबद्दलची चर्चची भूमिका बदललेली नाही, पण श्रद्धाळू आईसाठी ही एवढी फटही मोठी असते.

आणि एक परंपरा अशी आहे की जिच्याबद्दल मला विशेष आस्था वाटते. व्हिएतनाममध्ये मातृदेवतांची उपासना आहे, तीत माध्यमाच्या अंगात देव संचारतात. एकामागून एक रंगीत वस्त्रं बदलत, गाण्याच्या तालावर ते नाचतात. 2016 मध्ये युनेस्कोने तिची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. या परंपरेत बायकी वळणाच्या पुरुषांना आणि पुरुषी वळणाच्या स्त्रियांना पूर्वीपासून जागा मिळत आली आहे, मानही मिळत आला आहे. तेव्हा ‘आपल्याकडे असलं काही नव्हतं, हे बाहेरून आलं’ असं कोणी म्हटलं, तर गावातल्या देवळाकडे बोट दाखवता येतं. अर्थात देवळात मान देणारा माणूस स्वतःच्या मुलाबाबत तसाच वागेल याची हमी नाही.

सांगितल्यापासून वडील एक शब्द बोलत नाहीत. याचा अर्थ काय घ्यायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याला झटपट उत्तर नाही.

बऱ्याच व्हिएतनामी घरांत सांगितल्यानंतर आरडाओरडा होत नाही. काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखं विचारते, ‘जेवलास का?’ वडील बातम्या बघतात. आठवडे जातात, महिने जातात, विषय पुन्हा निघत नाही. मुलाला वाटतं, आपण बोललो ते हवेत विरलं. मराठी किंवा अमेरिकन जोडीदाराला वाटतं, ही नकाराचीच एक रीत आहे.

तसं असेलही, पण लगेच तसं ठरवू नका. ज्या माणसांनी आपल्या मुलाला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य जन्मात कधी म्हटलेलं नाही, त्यांच्याकडून ‘आम्ही तुला स्वीकारतो’ हे वाक्य येणार कसं? त्या पिढीचं प्रेम कष्टांतून दिसतं, कापून ठेवलेल्या फळांतून, गाडीत भरून दिलेल्या डब्यांतून. शांततेच्या काळात बोलण्यापेक्षा वागण्याकडे लक्ष द्यावं. मुलाला जेवायला बोलावणं थांबलं आहे का? पुण्यतिथीला तो आला नाही तर फोन येतो का? स्थळं आणणं थांबलं की वाढलं? स्थळं थांबली आणि फोन चालू राहिला, तर घर हळूहळू सरकतं आहे. स्थळं वाढली, तर वडिलांनी ऐकलेलं नाही किंवा ऐकून खोडून टाकलं आहे. मग पुन्हा एकदा, शांतपणे, तेवढ्याच शब्दांत सांगावं लागेल.

दुसरी बाजूही सांगतो. शांतता कधी कधी सोयीची होऊन बसते. दहा वर्षं ‘मित्र’ म्हणून घरी येणारा जोडीदार, त्याच्यासाठी ताट वाढलं जातं, पण कौटुंबिक फोटोत त्याला कोणी बोलावत नाही. काहींना हे पुरतं. काहींना आतून पोखरतं. ज्याला पोखरतं आहे त्याला ‘अरे, निदान घरात घेतात ना’ असं म्हणून गप्प करू नये.

मुलींच्या बाबतीत काही वेगळं असतं का?

असतं. दोन मुली एका खोलीत राहिल्या, हातात हात घालून फिरल्या, तर कोणी वळून बघत नाही. त्यामुळे लपणं सोपं जातं आणि सांगणं अवघड, कारण आई सरळ म्हणते, ‘तुम्ही मैत्रिणी आहात, लग्न झालं की सगळं सुरळीत होईल.’ मुलगी घराण्याचा देव्हारा चालवणार नाही असं धरूनच चाललेलं असतं, म्हणून वंशाचं ओझं कमी. त्या जागी ‘वय निघून चाललं’ हा तगादा येतो आणि तो पंचविशीच्या आसपासच सुरू होतो. मुलीचं बोलणं गांभीर्याने घेतलंच जात नाही, ही तिची खरी लढाई आहे. तिने ‘मला लग्न करायचं नाही’ एवढ्यावर थांबू नये. ‘माझं हिच्यावर प्रेम आहे’ असं स्पष्ट म्हणावं. नाहीतर आई दर महिन्याला नवीन स्थळ घेऊन उभी.

आईवडिलांच्या समाधानासाठी नावापुरतं लग्न केलं तर?

एक गे मुलगा आणि एक लेस्बियन मुलगी ठरवून लग्न करतात, असं व्हिएतनाममध्ये घडतं. दोघांनाही सगळं माहीत असेल तर तो त्यांचा प्रश्न, पण लग्नानंतर वर्षभरात नातवंडाची मागणी सुरू होते आणि ठरवलेलं सगळं कोलमडतं. ज्या मुलीला काहीच माहीत नाही तिच्याशी लग्न करणं मात्र सरळ अन्याय आहे. कितीही दबाव असला तरी.

नातवंडांचं काय सांगायचं?

खोटी आशा दाखवू नये, पण दार बंद आहे असंही सांगू नये. व्हिएतनामच्या कायद्याप्रमाणे मूल दत्तक घेता येतं ते एकट्या व्यक्तीला किंवा नवराबायकोला. म्हणजे समलिंगी जोडप्यापैकी एकालाच कायदेशीर पालक होता येतं. अविवाहित स्त्रीला कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेता येतात. दोन स्त्रिया एकत्र राहत असल्या तर त्यांच्यासाठी हा मार्ग खुला आहे, पण आई म्हणून नाव एकीचंच लागतं. सरोगसी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने आपल्या पोटात मूल वाढवून देणं, फक्त विवाहित जोडप्यांसाठी, तीही पैशाच्या व्यवहाराशिवाय. दोन पुरुषांसाठी देशात वाट अरुंद आहे, हे मान्य करायला हवं.

परदेशातले आईवडील जास्त मोकळे असायला हवेत ना?

असं वाटतं, पण अनेकदा उलटं असतं. 1975 मध्ये युद्ध संपलं आणि सायगॉन (आजचं हो चि मिन्ह शहर) कम्युनिस्टांच्या हाती पडलं, त्यानंतर जी माणसं देश सोडून निघाली, त्यांनी तेव्हाचा व्हिएतनाम मनात तसाच जपून ठेवला. देश पुढे गेला, हनोईत प्राइड निघाली, आणि कॅलिफोर्नियातल्या घरात अजून ते जुनंच जग चालू असतं. शिवाय होडीतून समुद्र ओलांडून, छावणीत दिवस काढून, दोन-दोन नोकऱ्या करून मुलांना शिकवलेलं असतं. ‘आम्ही हे सगळं कोणासाठी केलं?’ या प्रश्नापुढे मूल कोसळतं. त्या त्यागाचा मान ठेवायचाच. पण त्याची परतफेड म्हणून कोणाकडून त्याचं पूर्ण आयुष्य मागता येत नाही, हे मला इथे लिहायलाच हवं.

समाज बदलतो याचं एक उदाहरण. कॅलिफोर्नियाच्या वेस्टमिन्स्टरमध्ये, जिथे लिटल सायगॉन ही व्हिएतनामी वस्ती आहे, तेतची मिरवणूक निघते. 2013 मध्ये आयोजकांनी समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्हिएतनामी लोकांच्या गटांना तीत येऊ दिलं नाही. ते गप्प बसले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहिले, ‘व्हिएत रेनबो ऑफ ऑरेंज काउंटी’ हा गट बांधला, समाजातल्या वडीलधाऱ्यांशी बोलत राहिले. 2014 मध्ये ते त्याच मिरवणुकीत चालले.

आईवडिलांना स्वतःला कोणाशी बोलायचं असेल तर?

ही गरज फार महत्त्वाची आहे, कारण त्यांचं दुःख ते शेजाऱ्यांपाशी काढू शकत नाहीत. व्हिएतनाममध्ये 2008 मध्ये सुरू झालेली आयसीएस ही समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था आणि 2007 पासून काम करणारी आयएसईई ही संशोधन संस्था यांचं काम मोठं आहे. समलिंगी मुलांच्या आईवडिलांचा पीफ्लॅग नावाचा गटही तिथे आहे, त्यात आया पुढे येऊन उघडपणे बोलतात. एका आईला दुसऱ्या आईने, तिच्याच भाषेत, तिच्याच वयाच्या बाईने सांगितलेलं जेवढं पटतं, तेवढं मुलाचं किंवा डॉक्टरचंही पटत नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात पत्ता हातात देऊ नका. आईने विचारायला सुरुवात केली की द्या.

घराबाहेर काढलं तर?

त्या रात्री भांडत बसू नये. ओळखपत्र, पासपोर्ट, शिक्षणाची कागदपत्रं, औषधं, फोन आणि चार्जर घेऊन आधी ठरवून ठेवलेल्या घरी जावं. मुलांसाठी व्हिएतनाममध्ये 111 हा राष्ट्रीय बालसंरक्षण क्रमांक आहे. 1 जुलै 2023 पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात घरातल्या माणसाला त्याच्या शरीरावरून, लिंगावरून हिणवणं, भेदभाव करणं हेसुद्धा हिंसाचारात धरलं आहे. घराविरुद्ध तक्रार करायला फार थोडे जण धजावतात, पण कायदा काय म्हणतो ते माहीत असावं.

बाहेर काढणारं घर कायमचं बंद होतं असं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी आईकडून, बहुधा बहिणीमार्फत, काहीतरी निरोप येतो. त्या निरोपाला उत्तर द्यायचं की नाही आणि केव्हा, हे ज्याला बाहेर काढलं त्याने ठरवायचं. जोडीदाराने नाही.

आम्ही लग्न केलं तर ते कुठे चालेल?

अमेरिकेत 26 जून 2015 पासून आणि ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2017 पासून समलिंगी लग्न कायदेशीर आहे. तैवानमध्ये मे 2019 पासून, थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून. व्हिएतनाममध्ये या लग्नाला मान्यता नाही. भारतातही नाही, 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. म्हणजे मराठी आणि व्हिएतनामी जोडप्याला दोन्ही माहेरांत कागद नाही. यासाठी मृत्युपत्र, बँक खात्यावरचं नाव, आजारपणात निर्णय घ्यायचे अधिकारपत्र हे सगळं राहत्या देशात वकिलाकडून वेळेत करून घ्या. म्हातारे आईवडील बिचारे काही करत नाहीत, पण दूरचे नातेवाईक मालमत्तेच्या वेळी हजर होतात, दोन्हीकडचे.

मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी जेवायला जाणार आहे. काय लक्षात ठेवू?

चांगल्या फळांची टोपली न्या आणि ती दोन्ही हातांनी द्या. बूट बाहेर काढा. घरात सगळ्यात वयस्कर कोण आहे ते जोडीदाराला आधीच विचारा आणि पहिला नमस्कार त्यांना करा. कोणाला काय म्हणून हाक मारायची हे वयावर आणि नात्यावर ठरतं, तेव्हा तीन-चार हाका आधीच घोकून ठेवा. चुकलात तरी प्रयत्न केलात हे सगळ्यांच्या लक्षात येतं. उत्तरेकडच्या घरात लहानांनी मोठ्यांना ‘जेवा’ असं म्हटल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. तुमच्या वाटीत आईने काही वाढलं तर नाही म्हणू नका. शाकाहारी असाल तर जोडीदाराला चार दिवस आधी सांगायला लावा, ऐन वेळी नको, कारण माशाचं आंबवलेलं पाणी जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतं. बौद्ध घरात पौर्णिमा-अमावस्येला शाकाहारी स्वयंपाक करायची सवय असते, त्यामुळे त्या आईला तुमचं पथ्य सहज समजेल.

पहिल्या भेटीत जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकणं, जवळ बसणं टाळा. विवाहित जोडपीसुद्धा तिथे मोठ्यांसमोर तसं वागत नाहीत. देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावायला सांगितलं, तर लावा आणि जोडीदार करेल तसं करा. जेवण झाल्यावर भांडी घासायला उठा. आई ‘राहू दे, राहू दे’ म्हणेल, तरी उठा.